हाफ इंजिनवाले भाऊ

घरी इंजिन खोलणारा माणूस कधीच मेकॅनिक नसतो. मेकॅनिकला घरी गेल्यावर इंजिनाचं तोंड पाहायची इच्छा उरलेली नसते. हा माणूस दिवसभर भलतंच काहीतरी करत असतो. कोणी शाळेत गणित शिकवतो, कोणी पंचायत समितीत फायली सरकवतो, कोणी औषधाच्या दुकानात बसतो. आणि पन्नाशीच्या आसपास कधीतरी त्याच्या मनात येतं, की जे आपण आयुष्यभर चालवत आलो, त्याच्या आत नेमकं काय आहे ते एकदा पाहावं. काही जण हा प्रश्न घेऊन अध्यात्माकडे वळतात. उरलेले पानापेटी विकत आणतात.

आमच्या मूर्तिजापुरात असे दोन-तीन जण आहेत. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे रुसतील, म्हणून सगळ्यांचे मिळून एकच भाऊ करतो. हे भाऊ जिनिंगमध्ये हिशेबनीस. कापूस दिवाळीच्या सुमारास जिनात यायला लागतो आणि उन्हाळा लागेपर्यंत ओसरतो. मग भाऊ रिकामे. रिकामा हिशेबनीस आणि जुनी गाडी एका अंगणात ठेवू नये, हे वहिनींना फार उशिरा कळलं.

गाडी म्हणजे पांढरी एस्टीम, तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. दिसायला अजूनही डॉक्टरांचीच वाटते, शांत आणि सोज्वळ. पण भाऊंना तिच्याबद्दल विचारा. मारुतीनं ही गाडी १९९४ साली आणली. पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि तेराशे सीसीच्याच इंजिनातून ८५ हॉर्सपॉवर मिळू लागली. "अन् वजन? नऊशे किलोच्या आत!" हे वाक्य भाऊ दोन बोटं हवेत धरून म्हणतात, जणू गाडी त्याच बोटांत तोलून पाहिली आहे. त्या काळी हिला रॅलीत पळवणारे लोक होते, हेही ते सांगतात. मूर्तिजापुरात तिला पळवायला रस्ता नव्हता, एवढंच.

तो झाला, आणि तिथून सगळं बिघडलं. अमरावती-अकोला मार्ग कित्येक वर्षं असा होता की त्यावर इंजिनाची तब्येत कोणाला कळायचीच नाही. सगळ्या गाड्या सारख्याच रखडायच्या. मग जून २०२२ मध्ये लोणीपासून आमच्या तालुक्यातल्या मान्यापर्यंत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि माना गिनेस बुकात जाऊन बसलं. भाऊंनी त्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. वहिनी मागं वळून म्हणाल्या, "आवो, मांगचं काई दिसून नाई रायलं."

"स्पीड हाये न," भाऊ म्हणाले.

स्पीड नव्हती, निळा धूर होता. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पीत आहे.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निकाल दिला, "भाऊ, हाफ इंजिन करा लागते." गॅरेजच्या भाषेत हेड उतरवून रिंगा, बेअरिंग, पॅकिंग बदललं की ते हाफ इंजिन. क्रँक, बोअर, पिस्टन सगळंच काढलं की फुल. मिस्त्रींनी आकडा सांगितला. भाऊंना आकड्याचं वाईट वाटलं नाही, न उघडता निकाल दिल्याचं वाटलं. कारण भाऊंचं ब्रीदवाक्यच आहे, "खोलल्याशिवाय समजत नाई." हे वाक्य ते कूलरच्या मोटारीला लावतात, इन्व्हर्टरला लावतात, रक्तदाब मोजायच्या यंत्राला लावतात. मेव्हण्याच्या वाटणीच्या भांडणातही त्यांनी ते लावून पाहिलं होतं. तिथं जे खुललं ते अजून मिटलेलं नाही.

तरी भाऊ एकदम पाना घेऊन धावले नाहीत. आधी त्यांनी पद्धतशीर तपासणी केली. प्लग काढून त्या जागी प्रेशरचं घड्याळ लावायचं, स्टार्टर फिरवायचा, आकडा लिहायचा. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, कारण ऑइलनं त्यांची फट तेवढ्यापुरती भरून काढली. तसाच राहिला तर दोष वॉल्व्हचा नाहीतर हेड पॅकिंगचा. चारी सिलिंडरचे आकडे वाढले. भाऊंना जो आनंद झाला तो लोकांना पोरगी पाहायला आलेल्यांचा होकार आल्यावर होतो. चमचा चहाचा होता, हे वहिनींना दुसऱ्या दिवशी चहात समजलं.

"मेकॅनिकले द्या न ते," वहिनी म्हणाल्या.

"आठ दिवसाचं काम हाये. कंपनीवाले काय आभायातून पडले का?"

या "आठ दिवसां"त एक सोय असते. ते कधीपासून मोजायचे, हे भाऊ सांगत नाहीत.

वर इतिहासाचा आधार. मूर्तिजापूर हे शकुंतला आगगाडीचं गाव. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही नॅरोगेज लाइनी इथून फुटायच्या, आणि त्यावर मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत कामाला होतं. भाऊंचं लहानपण त्याची शिट्टी ऐकत गेलं. "सत्तर वर्ष चालवलं आपल्या लोकायनं ते इंजिन. माह्यं तं वीस वर्षाचं लेकरू हाये," असं म्हणून ते समोरच्याला निरुत्तर करतात. शकुंतलेला सांभाळायला अख्खं लोकोशेड आणि त्यातली जाणती माणसं होती, हा मुद्दा या युक्तिवादात येत नाही.

गुरूही मिळाला. मोबाइलवर पाहता पाहता भाऊंना शोध लागला, की एस्टीमची सख्खी बहीण पाकिस्तानात 'सुझुकी मार्गल्ला' या नावानं नांदली, आणि तिकडचे उस्ताद ही इंजिनं डोळे मिटून खोलतात. मग रात्री जेवण झालं की भाऊ कानात वायर घालून एका उस्तादापुढे वही घेऊन बसू लागले. उस्ताद "बिस्मिल्लाह" म्हणून पहिला नट सोडायचे. भाऊंनी गुरुवार धरला, गजानन महाराजांना नारळ फोडला आणि पाना लावला. बॉनेटमधून इंजिन बाहेर काढायला दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधली. गल्लीतली पोरं जमली. इंजिन वर उचललं गेलं तेव्हा कोणीतरी "बोला पुंडलिक वरदे" केलं आणि आतल्या खोलीत वहिनींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता अंगणाचा प्रश्न. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वऱ्हाडातलं अंगण बायकांचं असतं. कुरड्या, पापड, सांडगे, वड्या, सगळ्यांच्या तारखा ठरलेल्या. भाऊंनी त्याच अंगणात जुनं लुगडं अंथरून इंजिन मांडलं. एका बाजूला चार पिस्टन, चार कनेक्टिंग रॉड, सोळा वॉल्व्ह, सोळा स्प्रिंगा. दुसऱ्या बाजूला कुरड्यांच्या रांगा. मधून एक सुतळी. सुतळीच्या अलीकडे पाना दिसला तर वहिनी तो उचलून विहिरीजवळ ठेवायच्या, आणि पलीकडे चिकाचा थेंब पडला तर भाऊ त्याची नोंद करायचे.

नोंद हा भाऊंचा प्राण. दुसरा कोणी असता तर त्यानं नटबोल्ट डब्यात टाकले असते. भाऊंनी लाल कापडी बांधणीची खतावणी उघडली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. जो बोल्ट निघेल तो जमा, जो परत बसेल तो नावे. "हेडचे बोल्ट", "ऑइल संपचे बोल्ट", "टायमिंग कव्हर, लांब", "टायमिंग कव्हर, आखूड". प्रत्येकाची पुडी, पुडीवर पान क्रमांक. रोज संध्याकाळी ताळा. ताळा जुळला नाही तर जेवण नाही. वहिनी म्हणायच्या, "पैशाचा हिशेब असा ठेवला असता तं दुसरा मजला झाला असता."

मेमधलं ऊन असं की दहानंतर पाना हातात धरवत नाही. म्हणून काम पहाटे, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. पार्ट डिझेलमध्ये धुवायचे असतात. ब्रशनं हात दुखायला लागले तेव्हा भाऊंची नजर कूलरच्या पंपावर गेली. डिझेलच्या घमेल्यात पंप ठेवला, नळी लावली, झकास धार सुरू झाली. भर दुपारी घरातले लोक घामाघूम होऊन उठले तेव्हा कूलर नुसता वारा फेकत होता. गरम. आणि पंप परत बसवल्यावर आठवडाभर खोलीत पेट्रोलपंपाचा वास. पाहुणे आले तर वहिनी सांगायच्या, "वाळा नवीन हाये."

सल्लागारांचं वेगळं प्रकरण. मूर्तिजापुरात कोणी खड्डा खणत असला तरी चार जण उभे राहतात, इथं तर इंजिन होतं. एक निवृत्त रेल्वेवाले रोज यायचे आणि डिझेल इंजिनात हे असं नसतं एवढं सांगून जायचे. एक ट्रॅक्टरवाले हळूच एक रिंग उचलून बघायचे आणि दुसऱ्याच पुडीत ठेवायचे. शेजारचा अकरावीतला पोरगा फक्त व्हिडिओ काढायचा. भाऊ सगळ्यांना एकच म्हणायचे, "बसा, पण हात नका लावू." चहा वहिनींनी करायचा.

सिलिंडर मोजायला ब्लॉक अकोल्याला न्यावा लागला. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाच्या लायनर, त्यामुळे एका माणसाला उचलता येतो. भाऊंनी तो पोत्यात घातला आणि एसटीत चढले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाये यात?"

"हाफ इंजिन."

"मंग हाफ फाडू का?"

सगळी बस हसली. भाऊ हसले नाहीत. त्यांनी सामानाचं रीतसर तिकीट घेतलं आणि खतावणीत चिकटवलं.

लेथवाले चाचा जुन्या पिढीचे. त्यांनी बोअरमध्ये डायल गेज फिरवलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "भाऊ, छे थाऊ अंडाकार हुआ है. पहिली साइज में बैठ जाएगा." भाऊंनी वही काढून तिथंच गुणाकार केला. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सहा थाऊ म्हणजे ०.१५२४ मिलिमीटर, आणि पहिली साइज ०.२५. बरोबर आलं. चाचांनी गुणाकार पूर्ण होईपर्यंत तंबाखू मळली. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं, पण हिशेब करणाऱ्या माणसाला मधे तोडू नये एवढी सभ्यता अकोल्यात आहे.

हाफ इंजिनाचं फुल झालं ते इथं. "खोललंच हाये तं..." हे घरी इंजिन खोलणाऱ्याचं दुसरं ब्रीदवाक्य. खोललंच आहे तर बेअरिंग बदलू. बेअरिंग बदलतोच आहे तर ऑइल पंपही. वॉल्व्ह काढलेच आहेत तर घासून बसवू. मग भाऊ ओट्यावर बसून सीटवर पेस्ट लावायचे आणि वॉल्व्ह काडीला धरून दोन तळव्यांत रवीसारखा घुसळायचे, आधी खर्रर्र, मग सर्रर्र, मग आवाजच नाही. सीटवर करड्या रंगाची सलग वळी उमटली की एक वॉल्व्ह झाला. असे सोळा. वहिनी तेवढ्यात सुपात तूर पाखडत असायच्या. संसाराची तीस वर्षं झाल्यावर नवरा-बायको इतका वेळ एका ओट्यावर एकत्र बसतात, हा त्या इंजिनाचा एक फायदा मानावा लागेल. बोलत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

रिंगा घालायचा दिवस मी पाहिला आहे. प्रत्येक पिस्टनला तीन खाचा. खालच्या खाचेत ऑइलची रिंग, वर दोन दाबाच्या. तिन्हींच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. रिंगा आवळून पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवायला एक पट्टा लागतो. तो भाऊंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आणि पाइपाची क्लिप लावून केला. पहिला पिस्टन लाकडी दांड्यानं हलकेच ठोकत खाली नेला. दुसरा नेताना एक बारीकसा आवाज आला. टिक. रिंग बिडाची असते, ती वाकत नाही, सरळ तुटते. भाऊंनी दांडा खाली ठेवला. सगळे सल्लागार अचानक आपापल्या कामाला गेले. एक रिंग तुटली म्हणून दुकानदार एक रिंग देत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागतो. वहिनी आतून आल्या, काही न बोलता पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं जाऊन या. संग मलेही घेऊन चला, अकोल्यात काम हाये." पुढच्या दिवशीच्या पानावर नावे बाजूला दोन नोंदी आहेत, 'रिंग सेट' आणि 'साडी'. दुसऱ्या नोंदीचं खातं वेगळं काढलेलं नाही.

वॉल्व्ह बसवताना दुसरा अपघात. प्रत्येक वॉल्व्हची स्प्रिंग दोन अर्ध्या चंद्रकोरींसारख्या लॉकनी अडकवलेली असते, लॉक करंगळीच्या नखापेक्षा लहान. सी क्लॅम्पनं स्प्रिंग दाबली, क्लॅम्प घसरला आणि एक लॉक उडालं. संध्याकाळच्या ताळ्यात जमा ३२, नावे ३१. भाऊ बॅटरी घेऊन रात्री उशिरापर्यंत अंगण झाडत होते. शेवटी नवीन आणलं आणि जुनं 'गहाळ' म्हणून खर्ची टाकलं. हिशेबनिसाला ते किती लागलं असेल, हे दुसऱ्या हिशेबनिसालाच कळेल.

आठ दिवस असे मृगात गेले. ताडपत्री आली. पेरण्या झाल्या. इंजिन परत गाडीत बसलं. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळायचे असतात, आणि ठरलेला जोर आला की टॉर्क पाना 'कट्' वाजतो. तो ऐकू यावा म्हणून भाऊंनी पंखा, टीव्ही आणि रेल्वेवाले तिघांनाही बंद केलं.

स्टार्ट करायला मुहूर्त पोळ्याचा. तोरणाखाली बैल उभे राहायला अजून वेळ होता. आधी प्लगच्या वायरी काढून नुसता स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग वायरी लावल्या आणि चावी फिरवली. सायलेन्सरमधून बार उडाला. गल्लीतला एक सजवलेला गोऱ्हा दावं तोडून पळाला. भाऊ पांढरे पडले. तेव्हा तो अकरावीतला पोरगा, ज्यानं महिनोन्‌महिने फक्त व्हिडिओ काढले होते, म्हणाला, "काका, वायरी एक-दोन-तीन-चार लावल्या तुमी. उस्ताद तं एक-तीन-चार-दोन म्हनत होते." आयुष्यभर आकडे क्रमानं लावलेल्या माणसाची ही चूक. वायरी बदलल्या आणि दुसऱ्या चावीला इंजिन सुरू झालं, इतकं हळू की भाऊंनी बॉनेटला कान लावला. धूर नव्हता.

त्याच दुपारी पुरणपोळीसोबत कुरड्या तळल्या. कढईत कुरडई फुलली आणि झाऱ्याला काहीतरी टण्णकन लागलं. वहिनींनी ते चिमट्यानं काढून पुसलं आणि भाऊंच्या ताटात वाढलं. लॉक. भाऊंनी उष्ट्या हातानं खतावणी मागवली. ताळ्यात आता एक लॉक जास्त आहे. गावात बातमी अशी पसरली, की भाऊंनी इंजिन बसवलं पण एक पार्ट उरला. भाऊ प्रत्येकाला ते पान दाखवतात. कोणी वाचत नाही.

आता तुम्हाला वाटेल, की ८५ हॉर्सपॉवरची गाडी त्या गिनेस रस्त्यावर सुसाट निघाली असेल. इथंच हा माणूस आपल्याला चकवतो. नव्या रिंगा सिलिंडरला बसाव्यात म्हणून पहिले हजार किलोमीटर इंजिनावर फार जोर द्यायचा नसतो, त्याला रनिंग-इन म्हणतात. भाऊ पन्नासनं निघाले. ट्रॅक्टरवाले सल्लागार त्यांना मागे टाकून हात करून गेले. हजार किलोमीटर झाले, ऑइल बदललं, आणि भाऊ पन्नासनंच चालत राहिले. मी विचारलं, "भाऊ, आता तं दाबा." ते म्हणाले, "सहा हजार आरपीएमले पिस्टन सेकंदात शंभर वेळा वर जाते अन् शंभर वेळा खाली येते. साडेसात सेंटिमीटर. म्या हातानं बसवले ते. काहून तरास द्याचा?"

वेगासाठी खोललेलं इंजिन आतून पाहिल्यावर माणसाचा वेगच कमी झाला. ज्यांना आत काय आहे हे ठाऊक नाही तेच निर्धास्त दाबू शकतात. मिस्त्रींपेक्षा दीडपट खर्च झाला, हे खतावणीच लपवत नाही. पण मूर्तिजापुरात एवढ्या तब्येतीचं इंजिन दुसरं नसेल, आणि त्याला एवढं कमी काम देणारा मालकही नसेल.

तेव्हा अमरावतीहून अकोल्याला जाताना मान्याच्या पुढे डाव्या कडेनं एक पांढरी एस्टीम पन्नासनं चाललेली दिसली तर मागून हॉर्न मारू नका, सरळ पुढे निघून जा. रस्ता रुंद आहे. चहाच्या टपरीवर गाठ पडलीच तर गाडीचं कौतुकही करा. फक्त "मेकॅनिककडे का नाही दिली?" हे विचारू नका. खतावणी डिकीतच असते, आणि तुम्हाला अकोल्याला वेळेवर पोहोचायचं असेल.